एका घरातले दोन गुडघे

डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली. "इथे एक सरळ काळी पट्टी दिसायला हवी होती. तुझ्या गुडघ्यात ती नाही. एसीएल पूर्ण तुटलंय. आतली एक गादीही फाटलीये."

एसीएल म्हणजे अँटेरियर क्रुशिएट लिगामेंट. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जागेवर धरून ठेवणारा, गुडघ्याच्या आत तिरका बसवलेला दोर. सरळ चालताना त्याची फारशी आठवण होत नाही. धावता धावता एकदम वळायचं असेल, तर मात्र त्याच्याशिवाय भागत नाही. आणि मी फुटबॉलमध्ये डिफेंडर आहे, क्लबकडून पगार घेऊन खेळते. माझं पोटच वळण्यावर चालतं.

मी विचारलं, परत कधी खेळेन? ते म्हणाले, ऑपरेशननंतर निदान नऊ महिने, त्याआधी विचारूसुद्धा नकोस. शेजारच्या खुर्चीत माझी बॅग मांडीवर घेऊन आई बसली होती. 

बाहेर आलो. वाकडच्या त्या हॉस्पिटलचा कॉरिडॉर लांबलचक. कुबड्यांवर मी पुढे, आई मागे. तेवढ्यात एक वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन आला आणि मला ओलांडून थेट आईपाशी गेला. म्हणाला, बसा मावशी, सोडतो तुम्हाला. आई गडबडून म्हणाली, अहो, पेशंट ती आहे. आम्ही तिघंही हसलो. मी तर जरा जास्तच हसले. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

ज्यांच्या घरात कुणी मोठ्या दुखण्यातून उठतंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गुडघ्याची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. माझ्याकडून जे चुकलं, ते मात्र कुणी सांगत नाही. सांगण्यासारखं ते नाहीच.

दुखापती मला नवीन नव्हत्या. घोटा एकदा मुरगळून सीझन गेला होता, भुवईवर टाके होते, एका बोटाचं हाड वाकडं जुळलेलं आहे. मी स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढची शेवटची भिंत. भिंतीला ओरखडे यायचेच. पण या वेळी मला कुणी स्पर्शही केला नव्हता. बॉल डोक्यावरून मागे गेला, मी वळले, बुटाचे स्टड गवतात अडकले. पाय तिथेच राहिला आणि मी वळले. आतून टक् असा आवाज आला. बाकावर बसलेल्या मुलींनीही तो ऐकला म्हणे.

माझी एक ख्याती होती. समोरची फॉरवर्ड कुठल्या पायावर जोर देते, कुठला पाय जपते, हे मी सामन्याच्या सुरुवातीलाच ओळखायचे. कमरेकडे बघायचं, चेहऱ्याकडे नाही. आमचे कोच नव्या मुलींना माझ्याकडे पाठवायचे, हिच्याकडून बघायला शिका म्हणून. ही फुशारकी नाही, याचा संबंध पुढे येतो.

ऑपरेशन झालं. मांडीच्या मागच्या बाजूची एक शीर काढून तिचा नवा दोर बनवतात आणि दुर्बिणीतून गुडघ्यात बसवतात. याला ग्राफ्ट म्हणतात. शीर म्हणजे रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी. फाटलेल्या गादीला टाके घातले होते, त्यामुळे दीड महिना त्या पायावर वजन टाकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फिजिओ मॅडम आल्या. घरी जिना आहे का, त्यांनी विचारलं. आम्ही चिखलीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. मग त्यांनी मला फिजिओथेरपीच्या खोलीत नेलं. तिथे सरावासाठी लाकडाच्या चार पायऱ्या होत्या, दोन्ही बाजूंना कठडा. नियम सोपा होता. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. मी नेमकी उलटं करत होते. वेदनेच्या गोळ्यांनी डोकं जड झालं होतं आणि मी वैतागले होते.

माझा वैताग बघून आई पुढे झाली. "अगं, असं बघ," म्हणाली आणि कठडा धरून चढली. उजवा पाय वर, डावा त्याच्या शेजारी. उजवा वर, डावा शेजारी. उतरताना जरा तिरकी होऊन डावा खाली, मग उजवा. एकदाही चुकली नाही.

मॅडम हसत होत्या, त्या हसायच्या थांबल्या. त्यांनी विचारलं, "काकू, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. मी असंच चढते की."

"किती दिवस?"

आईने माझ्याकडे बघितलं, चोरी पकडली गेल्यासारखं. म्हणाली, "झाली असतील दोन-चार वर्षं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हे. परराज्यातल्या, आयुष्यात पहिल्यांदा बघितलेल्या मुलीचा दुखरा पाय मी ओळखत होते. माझ्या आईचा डावा गुडघा बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखा वाकला होता आणि मी समजत होते की आईची चालच तशी. ती उठताना 'आई गं' म्हणायची. सगळ्यांच्याच आया म्हणतात, असं मला वाटायचं.

मॅडमनी आग्रह धरला म्हणून डॉक्टरांनी तिलाही तपासलं. उभं करून एक्सरे काढला. ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यातलं मऊ अस्तर झिजून जाणं. डॉक्टर म्हणाले, "एका बाजूला हाडाला हाड घासतंय. हा गुडघा बदलावा लागेल. फार थांबू नका, दुसऱ्या पायावर भार येतोय." त्यांनी आश्चर्याने विचारलं, इतके दिवस काम कसं करत होतात?

आई चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचं वायरिंग बांधते. वडील मी दहावीत असताना गेले, तेव्हापासून. उभ्याचं काम, पूर्ण शिफ्ट. पाय दुखतो म्हणून सुपरवायझरला कळलं तर बसवून ठेवतील, मग घरी पाठवतील, या भीतीने ती कुणाला बोलली नव्हती. कुणाला म्हणजे मलाही.

आता खरी गोष्ट. घरी जाताना टॅक्सीत आई खिडकीबाहेर बघत होती. मी म्हणाले, "मी एकदा मैदानावर उतरले की लगेच तुझं ऑपरेशन करू."

हे वाक्य मी बोलले. आईने मागाहून सगळ्यांना सांगितलं की तिनेच तसं ठरवलं, आधी पोरीचं, मग माझं. ते खोटं आहे. ती बोलण्याआधी मी बोलले, कारण माझा हिशोब झाला होता. आई अंथरुणाला खिळली तर माझं कोण करणार? लातूरहून मावशीला बोलावता आलं असतं. मावशी आली असती, आनंदाने आली असती. पण मावशीसमोर मला बेडपॅन नको होतं. आईच हवी होती. झिजलेल्या गुडघ्यासकट हवी होती.

त्या दीड महिन्यात ती जमिनीवर बसून माझ्या पायाचा पट्टा बांधायची आणि उठताना कॉटची कड धरायची. आता मला सगळं दिसत होतं. बघायला शिकले होते ना. तिचा हात कडेवर घट्ट व्हायचा, ओठ आत जायचे, आणि मी मोबाईलमध्ये डोकं घालायचे. आधीची चूक न दिसण्याची होती, तिला क्षमा असेल. नंतर मी दिसत असून डोळे मिटले. त्याला काय म्हणायचं, मला अजून कळत नाही.

कुबड्या सुटल्या. टाचा सरकवण्याचे व्यायाम, मग सायकल, मग अर्ध्या बैठका. चौथ्या महिन्यात हळू धावायची परवानगी मिळाली, तेव्हा मी फिजिओथेरपीच्या खोलीतच रडले. आईने दुसरी पाळी मागून घेतली होती, सकाळी माझ्याबरोबर यायला मिळावं म्हणून. मी धावायला लागल्यावर ती बाकावरून बघायची आणि इतर पेशंटना सांगायची, माझी लेक आहे. मी म्हणायचे, आई, तू येऊ नकोस, पाय दुखेल. ती म्हणायची, बसूनच तर असते. मी फार ताणायचे नाही. माझी काळजी ही अशी तोंडदेखली होती.

सातव्या महिन्यात क्लबमधून फोन आला. कॅम्प सुरू होतोय, येऊन फिटनेस टेस्ट दे, पास झालीस तर पुढचा करार. डॉक्टरांचे नऊ महिने विसरून मी नाचायची तेवढी बाकी राहिले. आईने शेवेचे लाडू करायला घेतले.

दोन दिवसांनी ती कंपनीच्या बससाठी खाली उतरत होती. मी मागून कुलूप लावत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचा गुडघा दगा देऊन गेला. पडली नाही, कठडा धरून खाली बसली. शेजारचं दार उघडलं, तर ती हसून म्हणाली, चप्पल सटकली. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "काही झालं नाही. तू बॅग भर."

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. कपाळावर घाम. तशा अवस्थेत तिला माझी बॅग आठवत होती. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. त्या क्षणी मला माझाच इतका राग आला, की तिला उचलून उभं करायचंही काही वेळ सुचलं नाही.

तिला न विचारता मी कोचना फोन केला, येत नाही म्हणून. ते भले आहेत. म्हणाले, "आईकडे बघ. पण जागा धरून ठेवता येणार नाही, हे तुला माहीत आहे." माहीत होतं. मग मी त्याच वाकडच्या डॉक्टरांना फोन लावला.

वाटलं होतं, आता तरी छातीवरचं ओझं उतरेल. कसचं काय! ऑपरेशननंतर आई शुद्धीवर आली आणि तिला माझ्या कॅम्पची तारीख आठवली. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नर्सने विचारलं, दुखतंय का मावशी? तिने मानेनेच नाही म्हटलं.

मी तिच्या उशाशी बसले तेव्हा म्हणाली, "माझ्या पायापायी तुझं गेलं गं."

"तुझा पाय माझ्यामुळे थांबला होता, आई. टॅक्सीत मीच बोलले होते."

"बोलली असशील. माझ्या मनात तेच होतं की. तू कशाला रडायलीस?"

अपराधीपण सर्दीसारखं असतं, घरात एकाला झालं की दुसऱ्याला होतंच. आठ दिवस आम्ही दोघी एकमेकींची माफी मागत होतो आणि दोघीही देत नव्हतो. लातूरहून आलेली मावशी शेवटी वैतागून म्हणाली, तुमचं झालं असेल तर मी डाळ टाकते.

मग माझी तपासणी आली. एका पायावर उड्या मारायच्या, दोन्ही पायांची ताकद मोजायची. ऑपरेशन झालेला पाय अजून बराच मागे होता. मी बाहेरून ठणठणीत दिसत होते, एवढंच. डॉक्टरांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "कॅम्पला गेली असतीस ना, तर नवा दोरही तोडून परत माझ्याकडेच आली असतीस. आईचे आभार मान."

ते हलकेच बोलले. मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. म्हणजे शेवटी मला वाचवलं ते आईच्या मोडक्या गुडघ्यानेच.

पुढच्या सीझनला एका लहान क्लबने मला घेतलं. नऊ महिन्यांची मर्यादा कधीच उलटली होती, टेस्ट नीट पास झाले. मानधन कमी आहे, प्रवास जास्त. पहिल्या सामन्यात अर्धा वेळ मी वळायलाच घाबरत होते. आता घाबरत नाही. ज्यांचं हे ऑपरेशन व्हायचं आहे त्यांना एवढंच सांगते, घाई करू नका, हा दोर पिकायला वेळ लागतो. आणि तुमच्या पायाशी बसून जो पट्टा बांधतो, तो उठतो कसा, तेही बघा. दिसलं तर त्याच दिवशी बोला.

आई परत कामावर जाते. बसून करायच्या तपासणीच्या टेबलावर तिला बदलून मिळालं. मागितलं असतं तर आधीही मिळालं असतं, असं सुपरवायझर म्हणाले. तेही ऐकून घेतलं.

आईच्या ऑपरेशनला तीन महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघी संध्याकाळी भाजी घ्यायला निघालो होतो. मी सवयीने हळू चालत होते, आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की ती माझ्या पुढे आहे. चौकात ती थांबली. मला वाटलं, दुखलं. मी धावत गेले.

ती खाली, आपल्या पायांकडे बघत होती. चेहऱ्यावर एवढं नवल की लहान मुलगी वाटावी. रस्त्यावरून शिफ्ट सुटलेली माणसं भराभरा चालली होती. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "लोकं असं चालतेत व्हय? काहीच दुखत न्हाई की गं."

तिला फक्त आनंद सांगायचा होता. मी हो म्हणाले आणि भाजीच्या गाडीकडे वळले. भाजीवाल्याने दोनदा विचारलं, काय देऊ ताई, आणि मी तिने तशाच पायाने चढलेले दोन-चार वर्षांचे जिने मोजत होते.