उंबऱ्यात अडकलेलं विमान

जगातली कुठलीही नवी वस्तू आमच्या मामांच्या बुडाखालून गेल्याशिवाय माणसांच्या वापराला योग्य होत नाही, असं खुद्द मामांचं ठाम मत आहे. आणि त्यांना बोलायची सोय नाही, कारण हा माणूस उभी हयात तेच करत आला. हवाई दलात ते चाचणी वैमानिक होते. म्हणजे कारखान्यातून नवं विमान बाहेर आलं, की ते उडतं की पडतं हे बघायला पहिल्यांदा आत बसायचं ते मामांनी. अहमदपूरच्या ज्या पोरानं एसटीपलीकडं वाहन पाहिलं नव्हतं, त्यानं आपल्या देशात बनलेलं एक लढाऊ विमान सगळ्यांच्या आधी आभाळात नेलं. "मामा, भेव वाटत नव्हतं का?" असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "वाटायचं की. पण कुणीतरी पहिलं बसायलाच पाहिजे ना?"

निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा विमानं सुटली, सवय काही सुटली नाही. गल्लीत कुणी मोटारसायकल घेतली की पेढ्यांच्या आधी किल्ली मामांकडं. एक चक्कर मारून यायचे आणि कौतुक ऐकायला उभ्या असलेल्या मालकाला आधी खोट सांगायचे. "ब्रेक डावीकडं ओढून राहिला. बाकी बरी हाय." कुकर असो, पाळणा असो, कुणाचा मुलाहिजा नाही. एसटीत चढण्याआधी गाडीभोवती फेरी मारून टायरांना हात लावणार म्हणजे लावणार. एकदा लातूरच्या गाडीचा ड्रायव्हर वैतागला, "काका, गाडी इकत घ्यायची हाय का बसायचं हाय?" मामा म्हणाले, "मागचं उजवं बघ जरा." बिचारा उतरला, बघितलं, टायर ठणठणीत. "हां, आता खात्री झाली. चला," म्हणून मामा आरामात वर चढले.

माझ्या लग्नात तर कहर झाला. मुलगी रेणापूरची. वरातीची घोडी आली तसे मामा पुढं सरसावले. "भाच्याला बसवायच्या आधी बघू दे." घोडीवाले चाचा "अरे साब, साब" करेपर्यंत हे सुटाबुटात घोडीवर. बँडवाल्यांना काय, वर माणूस दिसला, त्यांनी ठोकायला सुरुवात केली! वरात निघाली, मी फेटा सावरत मागून पळतोय, आणि मांडवाच्या दारात सासूबाईंनी साठीच्या नवरदेवाला ओवाळायला ताट उचललेलं. मामांनी उतरून लगाम माझ्या हातात दिला. "डाव्या अंगाला बुजती. सांभाळून." सासूबाई अजूनही त्यांचं नाव निघालं की पदर सारखा करतात.

खोट निघाली नाही ती एका मामींत. आम्ही मुद्दाम विचारायचो, तर मामा गंभीरपणे म्हणायचे, "चाचणी चालू हाय अजून." आतून मामींचा आवाज यायचा, "म्हातारी झाले की हो मी!"

आपल्याकडं बाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणायचं, आणि घरातल्या माणसानं 'या' म्हणायचं. बाकीचे लोक हे म्हणता म्हणता चपला घालून पसार होतात. मामा मात्र मामींचं 'या' कानावर पडल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. दूध आणायला जातानासुद्धा. बेंगळुरूला असताना एका नव्या विमानाचं पहिलं उड्डाण होतं आणि त्याच सकाळी वरणावरून दोघांचं वाजलं. मामी मुक्या. बाहेर जीप हॉर्न मारून राहिली, धावपट्टीवर मोठमोठे साहेब घड्याळं बघून राहिले, आणि वैमानिक उंबऱ्यात उभा. "येतो गं. अगं, येतो म्हणलं." शेवटी मामींनी लाटणं आपटलं, "या हो एकदाचे!" तेव्हा कुठं ते विमान उडालं. उशिराचं कारण 'हवामान' असं कळवण्यात आलं. मामा म्हणत, "काय खोटं हाय त्यात? घरचं हवामान!" मामी पोट धरून हसायच्या, आणि मग जरा वेळानं म्हणायच्या, "तुम्हाला काय, गंमत हाय. 'या' म्हणल्यापासून हे परत येईपर्यंत माझ्या हातून काही काम व्हायचं न्हाई. दूध डोळ्यांदेखत उतू जायचं."

गेल्या वर्षी मामी गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. तेव्हापासून मामा घराबाहेर पडेनात. तयार व्हायचे, चपला घालायचे, उंबऱ्यात उभं राहून "येतो" म्हणायचे, थोडं थांबायचे आणि चपला काढून परत आत. गल्लीतली माणसं नवी गाडी आणून त्यांच्या दारात उभी करायची. मामा खिडकीतून बघायचे, खोट काही सांगायचे नाहीत. मला ते बघवायचं नाही.

आणि यंदा बेंगळुरूहून बोलावणं आलं. मामांनी सगळ्यांत आधी उडवलेल्या त्या जातीचं शेवटचं विमान आता निवृत्त होणार होतं, त्याच्या अखेरच्या उड्डाणाला पहिल्या वैमानिकानं हजर राहावं, असं. किती दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला! "जायचं, भाच्या. एकदा बघायचं हाय मला त्याला." मी नांदेडहून विमानाची दोन तिकिटं काढली. ठरल्या सकाळी गाडी दारात आली. मामा कोट घालून उंबऱ्यात आले.

"येतो."

घर गप्प. मी मागून हळूच म्हणालो, "या, मामा."

"तुझं न्हाई चालत. तू तर संगंच येऊन राहिला."

बराच वेळ उभे राहिले. नांदेड गाठायचं होतं, मी घड्याळ बघत होतो. मग ते आत बघतच म्हणाले, "झाली रे चाचणी पुरी. एक खोट निघाली तुझ्या मामीत. जाताना 'येते' म्हणाली न्हाई."

मी म्हणालो, "राहू द्या मामा. नसलं जायचं तर नका जाऊ."

"न्हाई कसं?" त्यांनी कोट सारखा केला. दाराच्या चौकटीला हात लावून पाहिला, एसटीच्या टायरला लावायचे तसाच. "जवाब आल्याबिगर कधी निघालो न्हाई मी. पण कुणीतरी पहिलं..." त्यांनी पाय उचलून बाहेर ठेवला आणि सरळ गाडीत जाऊन बसले.

कुलूप लावायला मी मागं राहिलो. कडी ओढली, किल्ली फिरवली, आणि तरी तिथंच उभा राहिलो. आतून काही ऐकू येतंय का, म्हणून.