सरड्यासारखं तोंड

मे महिन्यात परतवाड्याच्या स्टँडवर मी अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारचे काका, डोक्याला दुपट्टा अन् खिशात कांदा, सावली सरकेल तसे बाकावर सरकत होते. मी उन्हाला शिव्या घालू लागलो, तर त्यांनी कुंपणावरचा सरडा दाखवला.

"आंग तापलं का तो सावलीत सरकते. तोंड उघडलं तर थंडावा भेटते, पण आतलं पाणी उडते. म्हणून तोंड अगदी शेवटी उघडते. तुमी काहून बडबड करून राहिले?"

मी तोंड मिटून सावलीत सरकलो. तेवढ्यात गाडी रद्द झाल्याचं कळलं. काका चौकशीच्या खिडकीशी गेले आणि त्यांनी तोंड उघडलं. ते अर्धा तास मिटलं नाही. परत आल्यावर माझी अख्खी बाटली त्यांनी एका दमात रिकामी केली.

सरडा तोंड मिटून आमच्याकडे पाहत होता.