चार्जशीटमधलं हसू

"आता तरी हसू नका," मी लहानूला म्हणालो.

त्याने मान हलवली, खाली पाहिलं आणि तसाच हसत राहिला.

समोर जॉबरची साक्ष चालू होती. जॉबर म्हणजे गिरणीच्या खात्यातल्या कामगारांवरचा मुकादम. तो सांगत होता की वामनचा हात मशीनमध्ये गेला, सगळीकडे ओरड झाली, आणि हा लहानू मशीनपाशी उभा राहून दात काढत होता. ज्याच्या नोकरीचा निकाल लागायचा, तो माणूस हे ऐकतानाही दात काढत होता. टेबलाच्या पलीकडे गिरणीची बाजू मांडणारे लेबर ऑफिसर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून नुसते हात पसरले. आता तुम्हीच बघा, असा त्याचा अर्थ होता.

मी वर्ध्याला वकिली करायचो. कामगारांच्या केसेस जास्त. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. हिंगणघाट भागातल्या एका सूतगिरणीने मला इन्क्वायरी ऑफिसर म्हणून बोलावलं होतं. गिरणीचं नाव सांगत नाही. कामगाराला कामावरून काढायचं तर आधी त्याला चार्जशीट द्यावी लागते, म्हणजे तुझ्यावर अमुक आरोप आहे असं लेखी कळवावं लागतं. मग चौकशी होते. ती कोर्टात होत नाही, गिरणीतच एखाद्या खोलीत होते, पण साक्षी, उलटतपासणी, सह्या सगळं कोर्टासारखंच. इन्क्वायरी ऑफिसर बाहेरचा वकील असला की गिरणीला बरं पडतं. आरोप शाबित झाला की नाही एवढंच त्याने सांगायचं. शिक्षा गिरणी ठरवते.

लहानूवरचा आरोप लहान नव्हता. वामन नावाचा कामगार कार्डिंग मशीनवर होता. कार्डिंग म्हणजे कापूस पिंजून त्याचा पेळू करायचं मशीन. आत दातेरी तारांचे रोलर असतात. मशीनच्या तोंडाशी कापूस अडकला म्हणून वामनने मशीन बंद केलं, ते थांबल्यावर हात आत घातला, आणि मशीन पुन्हा फिरलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. शेजारच्या मशीनवरच्या लहानूने मुद्दाम मशीन चालू केलं, असं चार्जशीट म्हणत होती. पंधरवड्यापूर्वी दोघांची ड्युटी बदलण्यावरून बोलाचाली झाली होती. ती खात्यातल्या सगळ्यांनी ऐकली होती.

आरोपीला मदतीला एखादा सहकारी आणता येतो. लहानूबरोबर कोणी आलं नाही. युनियननेही अंग काढून घेतलं. वामन सगळ्यांचा लाडका होता, आणि त्याची बोटं गेली तेव्हा हसणाऱ्या माणसाच्या बाजूने उभं राहायला कोणी तयार नव्हतं.

साक्षी झाल्या. जॉबर धरून कार्डिंग खात्यातले चौघे आले. चौघांनीही हसण्याबद्दल सांगितलं. एक म्हणाला, दात दिसून राह्यले होते साहेब, मी माह्या डोयानं पाह्यलं. लहानूचा हात मशीनच्या दांडीवर होता, असं जॉबरने सांगितलं. ही दांडी म्हणजे मशीन चालू-बंद करायचा दांडा. एका बाजूला केली की पट्टा मोकळ्या चाकावर सरकतो आणि मशीन थांबतं. दुसऱ्या बाजूला केली की पट्टा घट्ट चाकावर येतो आणि मशीन फिरू लागतं.

लहानूच्या बाजूने कोणी नव्हतं, म्हणून काही प्रश्न मलाच विचारावे लागले. त्याला दांडी ओढताना तुम्ही पाहिलंत का, असं मी प्रत्येकाला विचारलं. कोणीच पाहिलं नव्हतं. ओरड झाल्यावर सगळ्यांनी वळून पाहिलं, तेव्हा हात दांडीवर होता आणि तोंडावर हसू होतं.

"मग मशीन बंद कोणी केलं?" मी जॉबरला विचारलं.

तो लेबर ऑफिसरकडे बघायला लागला. मी प्रश्न पुन्हा विचारला. मशीन फिरत राहिलं असतं तर दोन बोटांवर भागलं नसतं, एवढं त्यालाही कळत होतं. शेवटी म्हणाला, "मी नाई केलं." बाकीच्या तिघांना पुन्हा बोलावलं. त्यांनीही केलं नव्हतं.

दुपारी लेबर ऑफिसरनी मला त्यांच्या खोलीत चहाला नेलं. माणूस वाईट नव्हता. त्यांच्यावर वरून दबाव होता. अपघात मशीनच्या दोषाने झाला म्हटलं की फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार, खटला होणार. माणसाने केला म्हटलं की प्रकरण तिथेच मिटत होतं. त्यांनी हे बोलून दाखवलं नाही. ते एवढंच म्हणाले, "वकीलसाहेब, दुसऱ्याचा हात तुटताना जो हसतो, त्याच्या मनात काय असतं हे सांगायला शास्त्रज्ञ लागतो का?"

खरं म्हणजे मलाही तसंच वाटत होतं. सकाळपासून ते हसू समोर बघून माझं डोकं तापलं होतं. मी म्हटलं, मशीन बघून येऊ.

ते नाखुशीनेच उठले. वामनच्या मशीनची दांडी नवीकोरी होती, अपघातानंतर बदललेली. शेजारच्या मशीनची जुनीच होती. ती ज्या खाचेत अडकून राहते ती खाच झिजून गुळगुळीत झाली होती. मी ते मशीन बंद करायला सांगितलं. मशीन थांबलं. आम्ही तिथेच बोलत उभे राहिलो. थोड्या वेळाने दांडी आपोआप सरकली आणि मशीन फिरू लागलं. दांडीला कोणाचाही हात लागला नव्हता. लेबर ऑफिसरनी रुमालाने कपाळ पुसलं. "ह्या मशीनचं झालं, त्या मशीनचं तसंच झालं कशावरून?" असं ते म्हणाले, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर होतं. शंका निर्माण झाली होती. पण हसण्याचं काय, हा प्रश्न तसाच होता.

पुढच्या तारखेला लहानूचा जबाब होता. वय चाळिशीच्या पुढे, अंगाने वाळका, कपडे धुतलेले. तो बौद्ध वस्तीत राहायचा, गिरणीत बरीच वर्षं होता, आधीची एकही तक्रार नव्हती. मशीन तुम्ही चालू केलं का, असं विचारल्यावर नाही म्हणाला. बंद तुम्ही केलं का, तर हो म्हणाला. मग चार्जशीटच्या उत्तरात हे का लिहिलं नाही, असं विचारलं. तर म्हणाला, कोणी विचारलंच नाई जी.

"आणि हसलात कशाला?"

तो हसला. मी पेन खाली ठेवलं.

"मले नाई समजत साहेब," तो म्हणाला. "भेव लागलं का तोंड असं होते. लहान होतो तवा मालगुजाराकडं ढोरं राखाले होतो. बाप सांगे, मालकानं मारलं तं रडजो नको. रडलं का त्याले अजून राग येते. तोंड हसतं ठेवजो, मंग सोडून देते. तवापासून असंच होते. आता बंद कराले गेलो तरी होत नाई."

मग त्याने एक जोड दिली. लग्नात मांडवात उभा राहिलो तेव्हाही भीतीने असाच हसत होतो, आणि लोक म्हणाले, नवरदेव लई खूश दिसून राह्यला.

ह्यावर मला हसू आलं, आणि ते मी आवरलं.

लेबर ऑफिसर म्हणाले, "आपण हसलो हे आरोपीला मान्य आहे, असं लिहून घ्या." मी लिहून घेतलं. त्याखाली त्याचं कारणही त्याच्याच शब्दांत लिहिलं.

वामनचं नाव साक्षीदारांत नव्हतं. हात बरा होत नाही तोवर त्याला कशाला त्रास द्यायचा, असं गिरणीचं म्हणणं होतं. ज्याची बोटं गेली त्याला न विचारता मी रिपोर्ट देणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. तारीख पुढे ढकलली.

वामन आला तेव्हा हाताला पट्टी होती आणि हात गळ्यात अडकवलेला होता. सही डाव्या हाताने जमेना, म्हणून अंगठा घेतला. ह्याचं त्याला फार वाईट वाटलं. मी सातवी शिकलेलो आहो, असं तो दोनदा म्हणाला. जवळ थोडंसं शेत, घरी म्हातारी आई. बोटं गेलेल्या माणसाला गिरणी कोणतं काम देईल ह्याची त्याला काळजी होती, आणि गिरणीच्या विरुद्ध बोललं तर ते कामही मिळणार नाही हे त्याला पुरतं माहीत होतं.

लेबर ऑफिसरनी सुरुवात केली. तुझी बोटं गेली तेव्हा हा हसत होता, हे खरं आहे का?

"खरं आहे जी."

तुला राग आला नाही?

"दवाखान्यात आला. सारे येऊन सांगत, तो हसून राह्यला होता. मले वाटे, हो, हसून तं राह्यला होता."

लेबर ऑफिसरना तेवढंच हवं होतं. ते थांबले. मी वामनला म्हटलं, तुम्हाला स्वतःला जे दिसलं ते सगळं सांगा. तो माझ्याकडे बघत नव्हता आणि लहानूकडेही बघत नव्हता.

"हात निंघाला तवा सारे हाताकडं पाहून बोंबलून राह्यले होते," तो म्हणाला. "मी हाताकडं पाहणार होतो. पण हा समोर आला. मनगट असं दाबून धरलं यानं, अन् माह्या तोंडाकडं पाहून हसला. मी याच्याच तोंडाकडं पाहत राह्यलो. मले वाटलं, हा हसून राह्यला म्हणजे काही जास्त झालं नाई. जीपमधीबी यानं मनगट सोडलं नाई. दवाखान्यात पट्टी बांधल्यावर मले समजलं का बोटं नाईत."

मशीन कसं चालू झालं ते त्याला माहीत नव्हतं. थांबलं तेव्हा दांडी लहानूच्या हातात होती, हे त्याने पाहिलं होतं.

लेबर ऑफिसरनी एक शेवटचा प्रश्न विचारला. तुझा आता ह्याच्यावर राग नाही, असं म्हणायचं आहे का?

"ड्युटीचा आहे," वामन म्हणाला. "थो वेगळा."

मी लहानूकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. एवढ्या तारखांत ते गेलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. ओठ मिटलेले, गाल उतरलेले, माणूस एकदम थकलेला आणि वयस्क दिसायला लागला. तो रडला वगैरे नाही. काही विचारायचं आहे का, असं मी त्याला विचारलं. आरोपीला तो हक्क असतो. त्याने वामनला एवढंच विचारलं, हात दुखते का. वामन म्हणाला, थंड पाणी लागलं का दुखते. हे दोन्ही मी रेकॉर्डवर घेतलं. कायद्याने तीसुद्धा उलटतपासणीच होती.

आरोप शाबित होत नाही, असा मी रिपोर्ट दिला. गिरणीने लहानूला कामावर घेतलं, पण दुसऱ्या खात्यात टाकलं. वामनला टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, बसून करायचं काम मिळालं. त्यासाठी दोनतीन पत्रं मी लिहिली आणि लेबर ऑफिसरनीही आतून जोर लावला, हे मला नंतर कळलं. कार्डिंगच्या सगळ्या दांड्या उन्हाळा संपायच्या आत बदलल्या. त्या गिरणीने मला पुन्हा इन्क्वायरीला बोलावलं नाही. लहानू आणि वामन ह्यांची त्यानंतर फार दोस्ती झाली असंही नाही. ड्युटीचं भांडण बरेच दिवस चाललं म्हणतात.

साक्षीदार किंवा आरोपी बोलताना कसा दिसत होता, ह्याची नोंद करायची आमच्याकडे पद्धत आहे. पुढे पंधरावीस वर्षं मी इन्क्वायऱ्या केल्या आणि ती नोंद नेमाने केली. घाबरला, रडला, हसला, सगळं लिहिलं. पण त्यावरून निष्कर्ष मात्र काढले नाहीत. निष्कर्षासाठी, दांडी कोणाच्या हातात होती आणि मशीन त्या वेळी चालू झालं होतं की बंद झालं होतं, तेवढंच विचारत आलो.