बेंबळीच्या देवघरातली रिसालदाराची तलवार

फोन बेंबळीहून होता. "तुमच्या आजोबांची तलवार आमच्याकडं हाय. अमानत हाय, घेऊन जावा," नामदेवराव नावाचे गृहस्थ सांगत होते. आमचा पत्ता शोधण्यात त्यांच्या दोन पिढ्या गेल्या होत्या. मी "थंडी ओसरू दे, मग बघू" म्हणेपर्यंत अम्मीनं पिशवी भरायला घेतलीसुद्धा.

माझे नाना, म्हणजे अम्मीचे वडील, निजामाच्या घोडदळात रिसालदार होते. अठ्ठेचाळीस सालच्या पोलिस अ‍ॅक्शनच्या दिवसांत नळदुर्गाकडं गेले, ते परतलेच नाहीत. नानीनं चार वर्षांच्या अम्मीला घेऊन सोलापूर गाठलं. बेंबळी सोडताना नानांची तलवार तिनं शेजारच्या घरात, नामदेवरावांच्या आजोबांच्या हवाली केली. नानांचा फोटो नाही, कबर कुठं आहे ठाऊक नाही. नानी एवढंच सांगायची, की ती सरकारनं बक्षीस दिलेली तलवार आहे आणि पात्यावर सोन्याच्या अक्षरांत त्यांचं नाव आहे. ते नाव एकदा डोळ्यांनी वाचायचं, हा अम्मीचा जन्माचा हट्ट.

तुम्हाला त्या भागात जायचं असेल तर सोलापूरहून सकाळची एसटी धरा. तुळजापूरपर्यंत गर्दी असते, पुढं ऐसपैस बसता येतं. अम्मीचा प्रवास म्हातारपणामुळं फुकट, माझं बायकांचं अर्धं तिकीट. धाराशिवच्या स्टँडजवळ गुलाबजामून खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका. मी खाल्ले, अम्मीनं बोटसुद्धा लावलं नाही. बेंबळीच्या गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणाकडं निघालाव, आपा?"

"बापाकडं," अम्मी म्हणाली. बाहेर ज्वारी कमरेएवढी झाली होती.

नामदेवरावांचं घर साधं, स्लॅबचं. चहा झाल्यावर त्यांनी देवघरातून लाल कापडात गुंडाळलेली तलवार आणून दोन्ही हातांनी अम्मीच्या मांडीवर ठेवली. अम्मीनं चष्मा पुसला, पातं खिडकीकडं धरलं. पातं आरशासारखं लख्ख. तिनं ते उलटं करून पाहिलं. दोन्ही बाजू कोऱ्या होत्या.

"नाव कुठंय?"

"ती पिवळी नक्षी व्हय?" नामदेवरावांच्या पत्नी सुमनबाई म्हणाल्या. "मी लगीन होऊन आले तवा होती की थोडी. दर खंडेनवमीला पूजेआधी चिंच-राखेनं घासतो आमी." बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला. "म्या नाव पुसलं व्हय, आपा?"

खरं सांगते, मला राग आला. इतकी वर्षं जिवापाड जपलं आणि शेवटी परातीसारखं घासून टाकलं! कोऱ्या पात्यावरून अम्मीची बोटं फिरत राहिली. मला तिच्याकडं बघवेना.

"नाव गेलं न्हाय, आपा," नामदेवराव म्हणाले. "आमच्या आज्याला उर्दू यायचं. त्यानं वाचून समद्यांकडून पाठ करून घेतलं. नारळ फोडायच्या आधी म्हणावंच लागतं, त्याबिगर आमची पूजा व्हत न्हाय." ते उठून उभे राहिले, हात जोडले आणि आरतीच्या चालीत म्हणाले, "रिसालदार यावर अली को, बहादुरी के सिले में, सरकार-ए-आली की जानिब से."

यावर अली हे नानांचं नाव; त्यांना शौर्याचं बक्षीस म्हणून सरकारकडून, एवढाच त्याचा अर्थ. त्यांना तो नीटसा माहीतही नव्हता. तलवारीचा मंत्र म्हणूनच ते म्हणत आले होते. अम्मी ओक्साबोक्शी रडली. सुमनबाई तिला धरून रडल्या. माझा राग कुठल्या कुठं गेला आणि मला स्वतःची लाज वाटली.

जेवायला भाकरी, पिठलं आणि शेंगांची चटणी होती. निघताना नामदेवराव तलवार बांधायला लागले, तेव्हा अम्मीनं त्यांचा हात धरला. "राहू द्या. माझ्या घरी त्यांचं नाव घेणारी मी एकटी. इथं घर भरून माणसं घेतात." तलवार न्यायची तर परवाना कसा काढायचा, याची मी केलेली सगळी चौकशी वाया गेली. अम्मीनं सुमनबाईंना एवढंच बजावलं, "आता नुसतं तेलाचं बोट फिरवा."

परतीच्या गाडीत ती तुळजापूरपर्यंत गाढ झोपली होती.

या प्रवासातून आम्ही हातात धरण्यासारखं काहीच आणलं नाही. पण यंदा खंडेनवमीला सकाळीच बेंबळीहून फोन आला. मी आवाज मोठा केला. पलीकडं लहानथोर सगळे एका सुरात नानांचं नाव घेत होते. नारळ फुटल्याचा आवाज आला, आणि इकडं अम्मी दोन्ही तळहात पसरून म्हणाली, "आमीन."