हाताचा वास

“वास दे पाहू.”

शाळेत खिचडी वाढण्याआधी ती एवढेच म्हणायची. पोराचा हात धरायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे. मिटल्या डोळ्यांनी ती कुठे जाऊन यायची कोण जाणे. साबणाचा वास आला तर ताट, नाही तर हापशीकडे बोट. देवरीकडच्या शाळेत दुपारी कधी गेला असाल, तर तुम्हीही तिला पाहिले असेल. ती माझी बायको. आमच्यात बायकोचे नाव घेत नाहीत, इथेही घेत नाही. ती शाळेत रांधायची, मी पाणी भरायचो. शाळेच्या चाव्या माझ्या कमरेला.

हे तिला शहरातून आलेल्या एका मॅडमने शिकवले. मॅडम दोन दिवस राहिल्या, गेल्या. हिने मात्र धरून ठेवले.

मी म्हणायचो, “आपले बाप राखेनं हात धुवत. मेले का?”

“राखेनं तरी धुवत होते. तुम्ही तं तेही नाई धुवत.”

मी चौथीपर्यंत शिकलेला. मला यातले काही पटत नव्हते. शाळेत मुलींसाठी नवा संडास झाला, तेव्हा मला दिसली ती फक्त पक्की, कोरडी खोली. घरचे छप्पर गळके. मी वाळवलेल्या मोहफुलांची दोन पोती आत ठेवली आणि कुलूप घातले. गुरुजींना सांगितले, पाइप तुंबला. घरी सांगितले, मोह कोहमाऱ्याच्या बाजारात विकला.

पोरी जेवणाच्या सुट्टीत घरी जायच्या, त्या परतत नसत. सातवीतली एक तर यायचीच थांबली. ही तिच्या घरी गेली. पोरगी म्हणाली, “आजी, बसाचं कुठं? झुडपामागं पोट्टे येतात.”

त्याच दिवशी मी पोती उलटीपालटी करून घरी आलो, जेवायला बसलो. तिने माझा हात धरला, नाकाशी नेला, डोळे मिटले. बराच वेळ तशीच राहिली.

“मोह तं इकला म्हनलं ना तुम्ही?”

“इकला.”

“मंग हाताले कायचा वास येऊन राहिला?”

मी हात ओढून घेतला.

“पोरीची शाळा सुटून राहिली जी, तुमच्या मोहापायी.”

ओरडली नाही. माझे ताट उचलून आत ठेवले.

सकाळी मी पोती काढली. दोघांनी फरशी घासली, पण तो गोड, जड वास काही जाईना. कितीतरी दिवस पोरी त्या दारातून बाहेर आल्या की उन्हात रान चालत आल्यासारखे वाटायचे. ती सातवीतलीही परत आली. हिने तिचा हात हुंगला.

“साबन हाय, अन् मोहही हाय. जा, जेव.”

यंदा धान कापणीच्या दिवसांत ती गेली. गोंदियाच्या दवाखान्यात चार दिवस होती, बस.

शाळेत आता दुसरी बाई रांधते. हात बघते, हुंगत नाही. पोरं सवयीने हात वर करतात, मग खाली घेतात. संडासाचे कुलूप मी काढूनच टाकले.

दुपारी घरी येतो. साबणाने हात धुतो, दोनदा. ताटावर बसण्याआधी उजवा हात चुलीकडे पुढे करतो. कोणी धरत नाही. वाळेपर्यंत तसाच ठेवतो.

मग जेवतो.