नावानं हाक

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमचे हे डाक्टरी शिकायला एडिंबऱ्याला गेले, तेव्हा मी सतरा वर्षांची. आमच्या गोरेगाव खेड्यातून विलायतेला गेलेला पहिला माणूस, म्हणून बायका मलाच बघायला यायच्या! "शिक्षण झालं की तुला बोलावून घेतो, तवर तिथल्या रीती शिकून ठेव," असं सांगून गेले, अन् पत्रातून शिकवत राहिले. मला अक्षरओळख यांनीच करून दिलेली.

कुणाच्या दारी न सांगता जायचं न्हाई. बाईला वय विचारायचं न्हाई. चहा फुर्रकन प्यायचा न्हाई, बशीत तर ओतायचाच न्हाई; अन् देताना कपाचा कान पाहुण्याच्या उजव्या हाताला यावा. मी सगळं शिकले. जीभ पोळली, पण बशीला हात लावला न्हाई. सासूबाई म्हणायच्या, "काहून गं, बशीनं काय घोडं मारलं तुझं?"

एका रीतीनं मात्र घाम फोडला. तिथं बायको नवऱ्याला नावानं हाक मारते म्हणे! अगं बाई! आमच्याकडं उखाण्याबिगर नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. तरी मी गोठ्यात म्हशीपुढं उभी राहून पुटपुटायची. दर वेळी नाव दातांतच अडकायचं. अशी चार वर्षं गेली.

मग एक दिवस यांच्यासोबत शिकलेले एक डाक्टर घरी आले. सासूबाईंसाठी यांनी लोकरीची शाल पाठवली होती. मी चहा नेला, कपाचा कान बराबर उजवीकडं. पाहुणे खूश झाले.

"वा! तिकडं त्यांच्या घरी अस्साच चहा मिळतो. त्यांच्या विलायती मिसेसनी पत्रातून शिकवलं वाटतं? तुम्ही डाक्टरांच्या धाकट्या बहीण ना?"

मी सासऱ्यांकडं पाहिलं. ते पानाच्या डब्यात सुपारी शोधत बसले. सासूबाई शालीची घडी घालत म्हणाल्या, "व्हय. बहीणच हाय."

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं! मी त्या बाईच्या घरच्या रीती घोकून राहिले होते, अन् माझीच माणसं केसानं माझा गळा कापून राहिली होती.

मी पाहुण्यासमोरच खाली बसले. माझा चहा बशीत ओतला अन् फुर्रकन प्याले. मग त्याचं नाव घेतलं, मोठ्यानं, उखाण्याबिगर, अन् म्हणाले, "तो माझा नवरा हाय."

त्या खेपेला नाव दातांत अडकलं न्हाई.