मोदकांसाठी बंद केलेली गोळी

पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झाल्यापासून बायकोचे पाय ताठरायचे. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या ती कित्येक वर्षं घेत होती. गोळी घेतली की ती पेंगायची, बोटांतला जोर जायचा. आणि मुलुंडच्या आमच्या घरात गणपतीला विकतचा मोदक कधी आला नव्हता. एका वर्षी मी तिला म्हणालो, "सणापुरती ही गोळी नको घेऊस. डॉक्टरांना विचारलंय मी."

विचारलं नव्हतं.

चतुर्थीला ती अगदी जागी होती. उकडीच्या वाफेत तिचा चेहरा विरघळल्यासारखा दिसत होता, आणि मोदकाच्या कळ्या एकीशेजारी एक आपोआप उमलत होत्या. मला वाटलं, जुने दिवस परत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं अंग तापलं, पाय लाकडासारखे झाले. माझ्यामागे कुठेतरी बघत ती म्हणाली, "होडी इली. बाजूक व्हा." मी खरंच बाजूला सरकलो. क्षणभर फरशीवर मलाही तिच्या गावची खाडी दिसली. मनगट धरलं तर नाडी बोटांखाली नुसती फडफडत होती.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, रोजची एखादी गोळी बंद झालीये का?"

आमची मुलगी शेजारी उभी होती. मी म्हणालो, "ती विसरली असेल. सणाची गडबड."

"अहो, ही गोळी एकदम बंद करायची नसते! त्या धक्क्याने हृदयाचा खालचा भाग फुगलाय त्यांच्या."

गोळी पुन्हा सुरू झाली. हृदय हळूहळू सावरलं. घरी आल्यावर मुलगी तिच्यावर कडाडली, "आई, तू लहान आहेस का गं?" बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उशीवर मान वळवली. तेव्हापासून गोळ्यांची डबी मुलीकडे असते. गोळी गिळली की नाही, हे ती आईला तोंड उघडायला लावून बघते.

यंदाच्या चतुर्थीलाही मुलगी म्हणाली, "आ कर." बायकोने पिठाचे हात तसेच ठेवून निमूट तोंड उघडलं.

"ती विसरली नव्हती," मी म्हणालो. "मीच बंद करायला लावली होती. डॉक्टरांना न विचारता."

मुलीचा हात डबीवरच थांबला. वाफ वर चढत राहिली.

मग बायको म्हणाली, "ती डबी इकडे दे गं माझी. आणि अहो, तुम्ही सारण भरा. पारी सुकतेय."